प्रॅचेटची वही करताना

प्रिय मकरंद,

इंग्रजी विनोदी फँटसी लेखक टेरी प्रॅचेटच्या, डिस्कवर्ल्ड या काल्पनिक जगातल्या ४१ कादंबऱ्यांतली वेचक वाक्यं मराठीत आणून वही करायचा तुझा बेत मला मनापासून आवडला. पण नमुन्यादाखल पाठवलेली दहा वाक्यं वाचताना एकदाही हसू आलं नाही, आणि प्रॅचेट वाचताना असं होणं म्हणजे काहीतरी बिनसलंय. तुझं मराठी चांगलंच आहे, कात्री चुकीच्या जागी लागलीय. त्याचं शहाणपण विनोदाच्या शेजारी ठेवलेलं नसतं, विनोदातूनच त्याचा विचार पुढे सरकतो. विनोद कापला की हातात सुविचार उरतो, आणि सुविचार तर शाळेच्या फळ्यावरही असतात.

बुटांचंच घे. 'मेन ॲट आर्म्स'मधला (१९९३) उतारा. पहारेकऱ्यांचा कप्तान सॅम व्हाइम्स, पगार महिना ३८ डॉलर अधिक भत्ते. चांगले चामड्याचे बूट ५० डॉलरला, म्हणजे महिन्याच्या पगारातही बसत नाहीत. म्हणून तो १० डॉलरवाले घेतो. ते एखाद-दोन मोसम निभावतात, मग आतला पुठ्ठा जातो आणि पाणी शिरतं. ५० डॉलरवाला दहा वर्षांनीही कोरड्या पायांनी फिरतो. गरिबाचे तेवढ्याच काळात १०० डॉलर गेलेले असतात आणि पाय ओले ते ओलेच. हा हिशेब तू नीट उतरवलास. त्याची ताकद एवढी की २०२२ साली ब्रिटनमध्ये स्वस्तातल्या खाद्यपदार्थांची महागाई मोजायला निघालेल्या निर्देशांकाला प्रॅचेटच्या वारसांच्या परवानगीने व्हाइम्सच्या बुटांचंच नाव दिलं गेलं.

पण मधलं एक वाक्य तू अवांतर समजून गाळलंस. व्हाइम्स हे स्वस्त बूट तळ पार झिजेपर्यंत वापरतो. इतके, की धुक्याच्या रात्री नुसत्या पायाखालच्या दगडांवरून त्याला कळतं आपण अँख-मॉरपॉर्क या त्याच्या शहरात नेमके कुठे आहोत. हे वाक्य नसेल तर उरतं ते अर्थशास्त्र. ते असेल तर तीच गरिबी त्याच्या कामाचं हत्यारही ठरते, आणि शहरातल्या सगळ्यात श्रीमंत बाईशी लग्न ठरलेला हा माणूस आतून का अवघडलेला आहे तेही समजतं. हे झिजलेले तळ पुढच्या कादंबऱ्यांत पुन्हा पुन्हा येतात. तुझ्या वहीत ते आधी आलेलेच नसतील तर वाचक तिथे कोरडाच राहील.

दुसरी चूक जास्त गंभीर आहे, कारण तिथे अर्थच उलटतो. 'गार्ड्स! गार्ड्स!'च्या (१९८९) शेवटी शहराचा सत्ताधीश व्हेटिनारी व्हाइम्सला सुनावतो, की चांगली माणसं आणि वाईट माणसं असं काही नसतंच, असतात ती फक्त वाईट, काही या बाजूला तर काही त्या. तू हे 'प्रॅचेट म्हणतो' म्हणून टिपलंस. प्रॅचेट नाही, व्हेटिनारी म्हणतो! व्हाइम्स त्याला विचारतो, तुमचा खरंच यावर विश्वास आहे का? तो म्हणतो, आहे. यावर व्हाइम्सचं म्हणणं एवढंच: तरी तुम्ही रोज सकाळी अंथरुणातून उठताच ना, का ते जाणून घ्यायला आवडेल. व्हेटिनारीकडे उत्तर नाही, तो त्याला वाटेला लावतो. अख्ख्या व्याख्यानाला त्या एका प्रश्नाने टाचणी लागते, आणि तुझा उतारा टाचणीच्या आधीच संपतो.

म्हणून माझा हिशेब असा: आवडलेल्या वाक्याच्या आधीच्या परिच्छेदापासून सुरुवात कर आणि समोरच्याचं उत्तर येईपर्यंत लिहीत जा. वीस शब्दांची नोंद दीडशेवर जाईल, जाऊ दे. नोंदीच्या डोक्यावर बोलणारा, ऐकणारा, कादंबरी आणि साल लिही. जालावरची सुटी वाक्यं घेऊच नकोस. पुस्तकात पान सापडलं तरच वहीत. तळटीप असेल तर ती त्याच पानाच्या तळाशी ठेव, शेवटी गोळा करू नकोस. त्याच्या तळटिपेतला विनोद नजर खाली जाऊन परत वर येईपर्यंतच टिकतो. पानं उलटावी लागली की तो मेला.

आता 'हॉगफादर' (१९९६). तिथे मृत्यू, म्हणजे सांगाड्याच्या रूपातलं एक पात्र, आपल्या नातीला, सुझनला सांगतो की माणसं लहानपणी छोट्या खोट्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा सराव करतात, म्हणजे पुढे न्याय, दया, कर्तव्य अशा मोठ्यांवर ठेवता येतो. विश्व दळून बारीक चाळणीने चाळलं तरी न्यायाचा एक कण हाती लागणार नाही. हे ऐकताना वाचकाला आठवायला हवं की हाच सांगाडा कादंबरीभर सांताक्लॉजसारख्या हॉगफादरच्या जागी खोटी दाढी लावून मुलांना खेळणी वाटत फिरला आहे. ती दाढी डोक्यावरच्या ओळीत यायलाच हवी. आणि त्याआधीचं सूर्याचं बोलणं सोडू नकोस. आपण अपयशी ठरलो असतो तर सूर्य उगवला नसता, असं तो म्हणतो. मग काय झालं असतं, असं सुझन विचारते. जळत्या वायूच्या नुसत्या गोळ्याने जग उजळलं असतं. पुढचं सगळं या दोन ओळींवर उभं आहे.

मृत्यूची खरी पंचाईत लिपीची आहे. इंग्रजीत तो छोट्या आकाराच्या कॅपिटल अक्षरांत, अवतरणचिन्हांशिवाय बोलतो. देवनागरीत कॅपिटल नाहीतच. ठळक ठसा आणि अवतरणचिन्ह नाही, एवढं पुरे. वाक्यं मात्र आखूड ठेव आणि 'अरे', 'बरं का' असले लाड करू नकोस, नाहीतर त्याचा आवाज शेजारच्या काकांसारखा होतो. एका बाबतीत आपण सुखी आहोत: मराठीत मृत्यू पुल्लिंगी. रशियन आणि पोलिशमध्ये तो शब्द स्त्रीलिंगी, तिथल्या अनुवादकांना घोडेस्वार आजोबा उभे करताना घाम फुटला असणार.

'तू' आणि 'तुम्ही'चा प्रश्न इंग्रजीने आपल्यावर ढकललाय. व्हेटिनारीने व्हाइम्सला 'तुम्ही'च म्हणावं. त्याची जरब सभ्यतेत आहे, 'तू' म्हटलं की तो साधा गुंड होतो. ग्रॅनी वेदरवॅक्स ही म्हातारी चेटकीण मात्र समोर कोणीही असो, बेधडक 'तू' म्हणेल. 'कार्पे जुगुलम'मध्ये (१९९८) तरुण धर्मोपदेशकाला ती सांगते, पाप म्हणजे माणसांना वस्तूसारखं वागवणं. तुझ्या यादीत कापूनही जिवंत राहिलेलं हे एकच वाक्य, तरी शेपूट तुटलंच आहे. त्या माणसांत आपण स्वतःही आलो, असंही ती म्हणते, तेवढं जोड. तो म्हणतो यापेक्षा भयंकर गुन्हे आहेत, आणि ती म्हणते, त्यांची सुरुवात इथूनच होते. तेही घे.

पहिल्या दोन कादंबऱ्यांतून फार वेचायला जाऊ नकोस. 'द कलर ऑफ मॅजिक' (१९८३) मुख्यतः तोवरच्या फँटसीची टिंगल आहे, आणि ज्याची टिंगल ते माहीत नसेल तर वाचक नुसता बघत राहील.

आधी व्हेटिनारीचा उतारा पुन्हा करून पाठव. शेवटी तो व्हाइम्सला घालवतो तिथे 'जा आता' ठेवतोस की 'या आता', तेही कळव. मला 'या' बरं वाटतंय.

तुझा,
अविनाश