घागरीचं पोट दाखवणाऱ्यांचे आभार

घरच्या तांब्याच्या घागरीचा पृष्ठभाग मॅटलॅब या गणिती संगणकप्रणालीत काढायचा होता. मोजलेले बिंदू हाताशी होते, पण ग्रिडडेटा (सुट्या बिंदूंवरून सलग पृष्ठभाग काढणारी तिथली आज्ञा) चालवलं की घागरीऐवजी कोसळलेला तंबू! दोन रात्री गेल्यावर तुम्हा अनोळखी जाणकारांकडे मदत मागितली, तेव्हा तुमच्यापैकी कुणीतरी विचारलंत, "एका एक्स-वायला झेड किती?" म्हणजे एका जागेला उंच्या किती. चूक तिथेच होती. घागरीचं पोट फुगलेलं, त्यामुळे एकाच जागी वरचा आणि खालचा असे दोन झेड. ग्रिडडेटा मात्र एकच उंची धरून चालतं.

दुसऱ्यांनी सुचवलं, घागरीच्या मधल्या उभ्या अक्षाभोवतीचा कोन आणि उंची घ्या, त्रिज्या हे त्यांचं फलन माना, म्हणजे त्या दोन्हींवरून ती ठरते असं धरा. मग सर्फ या पृष्ठभाग रेखाटणाऱ्या आज्ञेने सुरेख घागर काढली, फक्त एक उभी फट राहिली. तीही कुणीतरी बुजवली: आकड्यांच्या तक्त्यातला शून्य अंशाचा स्तंभ 360 वर पुन्हा जोडा. तळ मात्र या युक्तीत बसेना, तिथे एकाच उंचीला अनेक त्रिज्या. त्यासाठी अल्फाशेप, म्हणजे बिंदूंभोवती आवरण बांधणारी आज्ञा, सांगितलंत; आवरण किती घट्ट बसेल ते ठरवणारी त्रिज्या, म्हणजे अल्फा, लहान घेतला तर भोकं पडतात, मोठा घेतला तर गळ्याची खोबण भरून जाते, हेही बजावलंत.

तुमची नावं मला ठाऊक नाहीत. मनापासून आभार! आईने चित्र पाहून विचारलं, "पोचा कुठे गेला?" आहे, डाव्या बाजूला, उजेड तिरका टाकला की दिसतो.