वसुली ग्रामपंचायतीची, कपात कर्मचाऱ्याच्या पगारात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांच्या वेतनाला घातलेली करवसुलीची अट रद्द करावी, अशी मागणी त्यांच्या संघटना सातत्याने करत आल्या आहेत. मी कर्मचारी नाही, पण बीड जिल्ह्यातल्या एका गावात राहतो आणि या अटीचा परिणाम जवळून पाहतो. म्हणूनच या मागणीच्या बाजूने दोन शब्द लिहीत आहे.

आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, नाव असलेल्या लिपिक, शिपाई, सफाई व पाणीपुरवठा कर्मचाऱ्यांच्या किमान वेतनात शासन लोकसंख्येनुसार आपला हिस्सा देते आणि उरलेली रक्कम ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून घालायची असते. २८ एप्रिल २०२० च्या शासन निर्णयाने शासनाचा हा हिस्सा करवसुलीशी जोडला. ज्या गावाची वसुली कमी, तिथे शासनाचा हिस्सा कापला जातो आणि ग्रामनिधीतही खडखडाट असल्यामुळे ग्रामपंचायतीचा हिस्साही थकतो. राहणीमान भत्ता आणि भविष्य निर्वाह निधी तर त्याहून मागे पडतात.

आता वसुलीची जबाबदारी कायद्याने कोणाची, हे पाहावे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२९ नुसार मागणीचे बिल काढणे, मागणी लेख (थकबाकी भरण्याची नोटीस) बजावणे आणि शेवटी जप्ती करणे हे अधिकार पंचायतीचे आहेत. बिल मिळून तीन महिन्यांत कर न भरणारा ग्रामपंचायत सदस्य कलम १४ अन्वये अपात्र ठरू शकतो, म्हणजे कायद्याने दोष कुठे ठेवायचा ते आधीच ठरवून ठेवले आहे. घरोघर बिले वाटणाऱ्या शिपायाला यातला एकही अधिकार नाही. निवडणुकीच्या वर्षात मतदाराला दुखवायचे नाही म्हणून वसुलीचा विषयच मासिक सभेत निघत नसेल, तर त्याची शिक्षा पाण्याची टाकी धुणाऱ्या माणसाला का?

शिवाय सगळी थकबाकी ही टाळाटाळ नसते. आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे साखर कारखान्यांच्या भागात जातात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, परतत नाहीत. मार्चअखेरच्या वसुली मोहिमेत त्यांच्या दारांना कुलपे असतात. पुण्या-मुंबईला स्थायिक झालेल्यांच्या घरांचीही हीच गत. अतिवृष्टीत सोयाबीन गेलेल्या वर्षी शेतकऱ्याकडे घरपट्टी मागायची तरी कोणत्या तोंडाने?

आमच्या गावातला पाणीपुरवठा कर्मचारी वीज रात्री असेल तर रात्री विहिरीवर जाऊन मोटार सुरू करतो, पहाटे वस्तीनिहाय व्हॉल्व्ह फिरवतो, पाणी निर्जंतुक करणारी टीसीएल (क्लोरीनची) पावडर बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन वरचे द्रावण टाकीत सोडतो. हे काम एक दिवस चुकले तर गावात जुलाबाची साथ येऊ शकते, त्यामुळे त्याला हक्काची सुटी अशी नाहीच. अशा माणसाला किराणा दुकानदाराकडे उधारीसाठी थांबावे लागते, याची गावकरी म्हणून मला लाज वाटते.

मालकाची ऐपत नाही म्हणून किमान वेतन नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने उनिचोयी विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात १९६१ मध्येच सांगितले आहे. कारखानदाराला लागू असलेले तत्त्व शासनाला आणि पंचायतीला लागू नसावे, हे पटत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित (ठरलेल्या कामांवरच खर्चायचा) निधी दिला, पण अबंधित (गावाच्या गरजेनुसार खर्चायच्या) निधीतूनही पगार व आस्थापना खर्च करण्यास मनाई ठेवली. त्यामुळे नवी जलवाहिनी टाकता येते, मात्र तिच्यावर राबणाऱ्याचे वेतन त्या पैशातून देता येत नाही.

वसुली वाढलीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीच्या कामगिरीचे मूल्यमापन करा, थकबाकीदार सदस्यांवर कलम १४ ची कारवाई करा, गटविकास अधिकाऱ्यांकडून दर तिमाहीस आढावा घ्या. पण शासनाचा हिस्सा वसुलीची टक्केवारी न पाहता दरमहा ठरलेल्या तारखेला कर्मचाऱ्याच्या बँक खात्यात पूर्ण जमा व्हावा. तसेच प्रत्येकाचे सेवापुस्तक अद्ययावत ठेवावे, कारण जिल्हा परिषदेच्या भरतीत ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या दहा टक्के राखीव जागांसाठी याच नोंदी लागतात आणि त्या अपुऱ्या राहिल्या तर वर्षानुवर्षांची सेवा असूनही कर्मचारी मागे राहतो.

आपला,
एक ग्रामस्थ वाचक, जि. बीड