काळ्यातून पांढरं

इचलकरंजी,
१२ ऑगस्ट

प्रिय संज्या,

कुर्त्यावरची बुट्टी हाताला का लागत नाही, असं तू फोनवर विचारलंस. मागांच्या खडखडाटात बोलणं झालं नाही, म्हणून लिहितो.

लागणार कशी? तिथे वरून काही चढवलेलंच नाही. काळ्यावर पांढरं पिगमेंट छापलं की त्याचा थर बसतो, कापड तिथे कडक होतं. डिस्चार्जमध्ये आम्ही असलेला रंग काढून घेतो. सफोलाइट, म्हणजे रंग तोडणारी पावडर, घट्ट गमात घोटून स्क्रीनमधून मारायचं, वाळवायचं आणि १०० ते १०२ अंशांच्या वाफेत ५ ते १० मिनिटं ठेवायचं. रंगाच्या रेणूतली नायट्रोजनची जोडी तिथे तुटते आणि बिनरंगाचे तुकडे धुण्यात निघून जातात. सगळेच रंग असे सुटत नाहीत. फिरोजी तर हटतच नाही. म्हणून आधी चिंधीवर बघतो.

छापल्यावर कापडावर नुसता ओलसर डाग दिसतो, वाळला की तोही जेमतेम. स्टीमर उघडला की डोळे चुरचुरतात आणि वाफेतून मळकट पिवळी नक्षी वर येते. साबणाच्या गरम पाण्यातून काढली की पांढरी. इतकी वर्षं झाली, तरी त्या क्षणी माझा श्वास अडकतो रे.

गेल्या आषाढात ४० मीटर छापलं आणि लाइट गेली. सकाळी वाफ देऊ म्हणून दोरीवर ठेवलं. दमट हवेत सफोलाइट रात्रीतच मेलं. बुट्टी अर्धवट, तांबूस-करडी. बाबा काही बोलले नाहीत, नुसता कापडावरून हात फिरवला. तेव्हापासून छापलं की त्याच दिवशी वाफ.

तुला बांधणी आवडते ना? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्लासगोत तिची नक्कल रंग काढूनच करायचे. लाल रुमालांची चवड नक्षीदार भोकांच्या शिशाच्या पत्र्यांत दाबायची आणि क्लोरीनचं पाणी आरपार सोडायचं. बांधणारणी गाठ मारून रंग अडवतात, तिथे आधी सगळं रंगवून मग ठिपके उडवले. ‘बॅन्डाना’ हा शब्दही बांधणीतूनच गेलेला.

आता काकूंच्या साडीचं. त्याच गमात व्हॅटचा रंग, म्हणजे सफोलाइटनं न उडणारा, घातला की निळा सुटतो त्याच जागी पिवळा बसतो. गर्द निळ्यावर आंब्याचा मोहर काढलाय, नमुन्याची चिंधी सोबत ठेवली आहे. काकूंना उजेडात दाखव आणि पिवळा जरा फिका करू का, तेवढं विचारून कळव.

तुझा,
दिल्या