नव्या सर्व्हरवर स्थलांतर करताना नेमसर्व्हरची जुनी नोंद तशीच राहिल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : दुसऱ्या नेमसर्व्हरचा (डोमेनच्या नावाचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचा) आयपी पत्ता न बदलल्यामुळे संकेतस्थळ व ईमेल सेवा विस्कळीत झाल्याबाबत.

महोदय,

आमच्या संस्थेचे डोमेन आणि होस्टिंग दोन्ही आपल्याच कंपनीकडे असून, आपल्या सूचनेवरून आणि आपल्याच कर्मचाऱ्यांकरवी आमचे संकेतस्थळ नुकतेच नव्या सर्व्हरवर हलविण्यात आले. तेव्हापासून काही ग्राहकांना नवे संकेतस्थळ दिसते, तर काहींना जुनेच. जुने संकेतस्थळ पूर्णपणे चालू स्थितीत असल्याने त्यावर भरलेल्या मागण्या जुन्याच डेटाबेसमध्ये जमा होतात आणि आमच्यापर्यंत पोहोचत नाहीत. ईमेलचीही तीच अवस्था आहे. पाठविणाऱ्याला पत्र पोहोचल्यासारखे वाटते, कारण ते परत येत नाही; प्रत्यक्षात ते जुन्या सर्व्हरवरील मेलबॉक्समध्ये पडून राहते.

याविषयी आपल्या साहाय्य कक्षाकडे विचारणा केली असता प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळाले : डीएनएसमधील (डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेतील) बदल सर्वत्र पोहोचायला ४८ तासांपर्यंत वेळ लागतो, तोवर वाट पाहावी. हे उत्तर देणाऱ्याच्या सोयीचे आहे, कारण बहुतेक वेळा ते खरेही ठरते. परंतु ती मुदत केव्हाच उलटून गेली आणि दोष जागच्या जागी आहे, म्हणून आम्ही स्वतः तपासणी केली.

‘डिग’ ही डीएनएस तपासण्याची आज्ञा वापरून दोन्ही नेमसर्व्हरना आमच्या डोमेनची एसओए नोंद (जिच्यातील अनुक्रमांकावरून नोंदींची आवृत्ती कळते) विचारली, तेव्हा दोघांनी वेगवेगळे अनुक्रमांक दिले. पहिल्याकडे स्थलांतरानंतरची झोन फाइल, म्हणजे डोमेनच्या नोंदींची यादी, आहे. दुसरा मात्र स्थलांतरापूर्वीच्या फाइलवरून, तीही अधिकृत उत्तर म्हणून, माहिती देत आहे. पुढे वरच्या पातळीच्या नेमसर्व्हरना थेट विचारल्यावर कारण स्पष्ट झाले. आमचे दोन्ही नेमसर्व्हर आमच्याच डोमेनच्या नावाने असल्यामुळे त्यांचे आयपी पत्ते रजिस्ट्रीकडे (डोमेनांची मध्यवर्ती नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे) ग्लू रेकॉर्ड, म्हणजे नेमसर्व्हर कोठे आहे हे सांगणारी नोंद, म्हणून नोंदवावे लागतात. स्थलांतराच्या वेळी पहिल्याचा पत्ता बदलला गेला, दुसऱ्याचा राहून गेला. तो आजही जुन्या सर्व्हरकडेच बोट दाखवतो.

हा दोष वाट पाहून का जाणार नाही, हे आपल्या तंत्रज्ञांनी लक्षात घ्यावे अशी विनंती आहे. जुन्या झोन फाइलमध्ये टीटीएल (मिळालेले उत्तर साठवून वापरण्याची मुदत) ८६४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस आहे. ती मुदत संपली की रिझॉल्व्हर (वापरकर्त्यासाठी पत्ता विचारून आणणारा सर्व्हर) पुन्हा विचारतो खरा, पण गाठ जुन्या सर्व्हरशी पडली तर त्याला तेच शिळे उत्तर पुढच्या २४ तासांसाठी नव्याने मिळते. शिवाय त्या फाइलमध्ये दोन्ही नेमसर्व्हरचे पत्ते जुनेच असल्याने, एकदा तिकडे गेलेला रिझॉल्व्हर पुढचे प्रश्नही तिथेच नेण्याची शक्यता वाढते. दुसरा नेमसर्व्हर नुसता बंद असता तर एवढे नुकसान झाले नसते. उत्तर न मिळाल्याने रिझॉल्व्हर पहिल्याकडे वळला असता. तो चालू राहून चुकीचे सांगतो, हीच खरी अडचण आहे. आपल्या कर्मचाऱ्याने आम्हाला ब्राउझरची कॅश साफ करण्यास सांगितले, त्याचा या सगळ्याशी काहीही संबंध नव्हता.

ग्लू रेकॉर्ड बदलण्याची सोय आपल्या कंट्रोल पॅनेलमध्ये ग्राहकाला दिलेली नाही आणि जुन्या सर्व्हरचा ताबाही आता आमच्याकडे नाही. त्यामुळे दुरुस्ती आपणच करावयाची आहे. दुसऱ्या नेमसर्व्हरचा पत्ता रजिस्ट्रीकडे तातडीने बदलावा आणि तो बदल सर्वत्र लागू होईपर्यंत जुन्या सर्व्हरवरील झोन फाइलमध्येही नव्या नोंदी टाकून टीटीएल ३०० सेकंदांवर आणावा, जेणेकरून चुकून तिकडे गेलेल्यालाही योग्य पत्ता मिळेल. नव्या आयपी पत्त्याची पीटीआर नोंद (पत्त्यावरून नाव सांगणारी) अद्याप केलेली नाही व एसपीएफ नोंदीत (डोमेनच्या नावाने ईमेल पाठविण्यास कोणत्या सर्व्हरना परवानगी आहे हे सांगणाऱ्या) जुनाच पत्ता आहे. त्यामुळे आमची बाहेर जाणारी पत्रे काही ठिकाणी नाकारली जात आहेत. या दोन्ही नोंदीही त्याच वेळी दुरुस्त कराव्यात.

जुन्या सर्व्हरवर स्थलांतरानंतर जमा झालेल्या मागण्या व ईमेल यांची संपूर्ण प्रत आमच्या हाती येईपर्यंत तो सर्व्हर पुसू नये. स्थलांतरासाठी आकारलेले शुल्क परत करावे, तसेच दोन्ही नेमसर्व्हरची तपासणी न करताच काम पूर्ण झाल्याचे आम्हाला कोणत्या आधारावर कळविले गेले, याचा लेखी खुलासा मिळावा. उत्तर देण्यापूर्वी संबंधितांनी दोन्ही नेमसर्व्हरना स्वतंत्रपणे प्रश्न विचारून पाहावा. तपासणीचे आमच्याकडील निकाल सोबत जोडले आहेत.

आपला विश्वासू,
(ग्राहकाची स्वाक्षरी)

सोबत : नेमसर्व्हर तपासणीचे निकाल, साहाय्य कक्षाशी झालेला पत्रव्यवहार