आई-बाबा, आता आठवड्याचे तीनच दिवस बँक

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगायला घेतलं की आईचा आवाज ऐकून शब्द गिळले जातात, म्हणून लिहिते आहे. एक तारखेपासून मी बँकेत आठवड्यातून तीनच दिवस जाते. बाकीचे दिवस घरी घोडदळाच्या चिमुकल्या मूर्ती रंगवते, आणि त्याचे आता पैसे मिळतात. आधी विचारलं नाही याचं तुम्हाला वाईट वाटेल. पण विचारलं असतं तर तुम्ही काळजीपोटी नाही म्हणाला असतात, आणि तुमचा शब्द मला मोडवला नसता.

पैशाचं आधी सांगते. घराचा हप्ता तीन दिवसांच्या पगारात भागतो. तुम्हाला दर महिन्याला पाठवते ती रक्कम तेवढीच येणार, त्याला मी हात लावणार नाही. दादालाही हे सगळं सांगून ठेवलंय.

बाबा, तुम्ही मागे विचारलं होतंत, 23 सप्टेंबर 1803 ला असईत आपल्याला हरवणाऱ्या वेलस्लीची फौज कशाला रंगवतेस? सध्या हातात आहेत ते त्याच्या समोरचे, 1815 च्या वॉटर्लूच्या लढाईतले नेपोलियनचे फ्रेंच. चिलखती घोडदळाची 10वी रेजिमेंट, 28 मिलिमीटरचे स्वार. छातीवर पोलादी पत्रा आणि वर चक्क गुलाबी कॉलर! 10 ते 12 या रेजिमेंटांचा रंगच तो. ज्यांनी काम दिलंय त्यांना चौखूर उधळलेले घोडे नको आहेत. त्या दुपारी नेपोलियनच्या 'ने' नावाच्या मार्शलने पुरेसं पायदळ आणि तोफा सोबत न घेताच घोडदळ इंग्रजांच्या चौकोनांवर, म्हणजे चारी बाजूंना संगिनी रोखून उभ्या पायदळावर घातलं, आणि घोडा काही संगिनींच्या भिंतीत शिरत नाही. तो अडतो, मान वळवतो, बाजूने निघून जातो. ते अडलेले घोडे त्यांना हवेत. म्हणून मी माना कापून, वळवून पुन्हा चिकटवते आहे. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

पॅरिसच्या सैनिकी संग्रहालयात फोव्हो नावाच्या स्वाराचं वॉटर्लूचं चिलखत ठेवलंय. उजव्या छातीतून तोफगोळा आरपार गेलेला. पोरगा अवघा 23 वर्षांचा. ते पाहिल्यापासून मी एकाही स्वाराचा चेहरा दुसऱ्यासारखा करत नाही, कुणी भिंगातून बघणार नसलं तरी.

आई, तुझी काळजी रंगांच्या वासाची. बहुतेक रंग पाण्यातले असतात, त्यांना वास नसतो. फक्त कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी घोड्यांना तैलरंग लागतो: खाली नारिंगी-तपकिरी हात, तो वाळला की वर गडद तपकिरी, आणि ओला असतानाच स्पंजाने अलगद पुसायचा. उंच स्नायूंवरचा रंग निघतो, खोबणीत राहतो, आणि घोड्याला अंग येतं. तेवढा वेळ खिडकी उघडी ठेवते, स्वेटर घालून बसते. खोली एरवी गरम असते. दिवा पांढरा आहे, भिंग स्टँडवर आहे, पाठीला टेकू देणारी खुर्ची घेतलीय. जेवण वेळेवर होतं, बँकेत होत नव्हतं तेवढं. तू पाठवलेलं मेतकूट अजून आहे.

बाबा, दिवाळीच्या किल्ल्यावर तुम्ही अळीव पेरायचात आणि मागच्या वर्षीचे मावळे माझ्यापुढे ठेवायचात. पाय मोडलेल्या घोड्याला काडेपेटीची काडी बसवून तुम्ही म्हणालात, "आता डोळा तू काढ." माझा हात थरथरला तर मनगट खालून धरलं होतंत. घोड्याचा डोळा काढताना मला अजूनही तो हात हवासा वाटतो.

यंदा दिवाळीला येणं जमणार नाही. नोव्हेंबरअखेर हे काम द्यायचं आहे. जानेवारीत येते आणि महिनाभर राहते, तिकीट काढलंय. आई, चकल्या तेव्हाच कर, आत्ता एकटीने घाट घालू नकोस. रागावली असशील तर फोनवर रागाव, पण फोन उचल.

आता दोघांनीही ऐका. बाबा, मोतीबिंदू पिकायची वाट बघायचे दिवस गेले, डॉक्टरांनी तुम्हाला ते सांगितलंय. दिवाळी झाली की लगेच तारीख घ्या. दादा चार दिवस रजा काढून येईल, माझं बोलणं झालंय. तोवर अंधार पडल्यावर स्कूटर काढायची नाही, नानांकडेसुद्धा नाही. ऑपरेशननंतर थेंब वेळच्या वेळी घालायचे आणि डोळा चोळायचा नाही. जानेवारीत दोन-तीन घोडे घेऊन येते, त्यांचे डोळे तुम्ही तपासायचेत.

आई, माळ्यावरचं काही काढायला स्टुलावर चढू नकोस. न्हाणीघरात कठडा बसवायला माणूस शनिवारी येईल, त्याला "आत्ता नको" म्हणून परत पाठवू नकोस. पैसे दिलेले आहेत. बीपीची गोळी सकाळी, नाश्त्यानंतर. बाबांनी आठवण करायची.

तुमची,
मनू