चिनी पदार्थांना त्यांचे गाव द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत चीनमधल्या रस्त्यावरच्या खाण्याविषयी लेख आला. सोबत काडीला टोचलेल्या विंचवांचे भले मोठे छायाचित्र होते. लेखात सगळीकडे 'चिनी लोकांना हे चालते, ते आवडते' अशीच भाषा, एकाही शहराचे नाव नाही. यजमानांच्या नोकरीमुळे आमचा संसार काही वर्षे सिचुआन प्रांतातल्या छंतू शहरात होता. तिथल्या शेजाऱ्यांच्या वतीने हे लिहिणे मला आवश्यक वाटते.

विंचवांच्या काड्या बीजिंगच्या वांगफुजिंग भागात मांडलेल्या असत, त्या मुख्यतः पर्यटकांसाठी. त्याच भागातला डोंगहुआमेनचा रात्रबाजार तर २०१६ मध्येच बंद झाला. आमच्या इमारतीत विंचू खाणारे कोणी मला भेटले नाही. कामावर निघालेला माणूस सकाळी उभ्याउभ्या जे पोटात घालतो ते रस्त्यावरचे खरे खाणे, आणि चीनमध्ये ते शहरागणिक बदलते.

बीजिंगजवळच्या त्यांजिन शहराचे जिएनबिंग पाहा. मुगाचे धिरडेच ते. गरम गोल तव्यावर पीठ लाकडी फळीने पातळ फिरवायचे, वर अंडे फोडून पसरायचे, कांद्याची पात भुरभुरायची, उलटून गोडसर-खारट सॉस लावायचा आणि आत तळलेल्या कणकेची लांब काडी घालून घडी करायची. इतर शहरांत त्यात कोबीसारखी पाने, सॉसेज असे काहीही भरतात. जुन्या त्यांजिनकरांना ते मुळीच खपत नाही. २०१८ मध्ये तिथल्या खाद्य व्यावसायिकांच्या संघटनेने या पदार्थाचे मानकच जाहीर केले. मला याचे फार कौतुक वाटते. जवळच्या शानतुंग प्रांतात जिएनबिंग म्हणजे वेगळीच वस्तू: मक्याची किंवा इतर धान्याची कोरडी, पातळ पोळी, तिच्यात कच्ची पात गुंडाळून खायची.

छंतूहून उत्तरेला शीआन शहराला जलदगती रेल्वे २०१७ च्या डिसेंबरात सुरू झाली. चारेक तासांत गाडी बोगद्यांमागून बोगदे घेत छिनलिंग पर्वत ओलांडते. या पर्वताच्या दक्षिणेला मुख्यतः भात, उत्तरेला गहू. गाडीतून उतरले की खाण्यावरून ते लगेच कळते. शीआनला जाडसर भाजलेल्या पावात बारीक चिरलेले मांस भरून रोउजियामो विकतात. ढोलमनोऱ्यामागच्या मुस्लिम मोहल्ल्यात तेच बीफ घालून मिळते. तिथे निखाऱ्यावरच्या मांसाला जिऱ्याचा वास असतो. रेशीम मार्गाचे हे शहर आहे, जिरे त्याच व्यापारी वाटेने आले. मी मात्र लियांगपी या थंड शेवयांसाठी थांबत असे. कणीक मळून ती पाण्यात धूत राहायची, खाली बसलेल्या सत्त्वाच्या पातळ चकत्या वाफवून त्यांच्या रुंद शेवया कापायच्या. धुऊन उरलेला चिवट गोळा वाया जात नाही. तोही वाफवतात, त्याचे जाळीदार तुकडे वर घालतात. मग व्हिनेगर, लसूण, मिरचीचे तेल, काकडी. उन्हाळ्यात याच्याइतके थंडावा देणारे खाणे मला दुसरे माहीत नाही.

आता आमच्या छंतूविषयी. तिथे ढग आणि दमटपणा इतका की, सिचुआनची कुत्री सूर्य दिसला की भुंकतात, अशी म्हण आहे. अंगातला ओलावा काढायला मिरची आणि ह्वाजियाव नावाचे मसाल्याचे दाणे हवेच, असे शेजारच्या आजी मला सांगत. ह्वाजियावने जिभेला मुंग्या येतात, ओठ बधिर होतात. मंडईत पहिल्यांदा मूठभर दाणे हुंगले आणि वेंगुर्ल्याचे आमचे स्वयंपाकघर आठवले, कारण ते आपल्या तिरफळाचे सख्खे भावंड. दोन्ही झाडे एकाच प्रजातीतली, लिंबाच्या कुळातली. आपण बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ घालताना काळी बी टाकून साल घेतो, तेही तसेच करतात. आजी सिचुआनमधल्याच हान्युआन गावच्या ह्वाजियावशिवाय दुसरे घरात येऊ देत नसत. दानदान शेवयांची लहानशी वाटी याच चवीवर उभी आहे: तळाशी मिरचीचे तेल, ह्वाजियावची पूड, वर परतलेला खिमा आणि सिचुआनमधल्या यीबिन शहराचे मोहरीच्या देठांचे लोणचे. पूर्वी फेरीवाले खांद्यावरच्या कावडीतून चूल नि भांडी घेऊन त्या विकत फिरत. आपल्याकडच्या गाडीवरच्या, सिचुआनचेच नाव लावणाऱ्या शेजवान चटणीत लसूण-मिरची भरपूर असते. ह्वाजियाव सहसा नसतेच.

वूहानचे नाव आपल्याकडे २०२० नंतर फक्त आजारासाठी घेतले जाते. ते शहर सकाळी तिळाची घट्ट पेस्ट लावलेल्या शेवया खाते, पुष्कळ लोक तर चालता चालता. टाळेबंदीच्या दिवसांत एक चित्र चीनभर फिरले होते. वूहानच्या या शेवया रुग्णालयात आहेत आणि देशभरचे पदार्थ खिडकीबाहेरून त्यांना धीर देत आहेत. छंतूच्या त्या आजींनी ते मला पाठवले, तेव्हा मला रडू आले होते.

पुढच्या वेळी अशा छायाचित्राखाली पदार्थाचे आणि शहराचे नाव छापावे, ही विनंती. चीनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन आलेली मराठी मुलेमुली आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. वर्गावर जाताना ती काय खात होती, ते त्यांनाच लिहायला सांगावे.

आपली,
एक वाचक, वेंगुर्ले (जि. सिंधुदुर्ग)