दिवाळीनंतर गावात राहिलेली लेकरं आणि नववीचे दादा-ताई

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय हे मला माहितीय, पण शक्य असेल तर दिवाळीच्या आधी छापा, कारण दिवाळी झाली की आमच्याकडं निम्मं गाव ऊसतोडीला फडावर जातं आणि मग हे वाचायला ज्यांनी पाहिजे तेच गावात नसतात.

मी बीड जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहते, शिलाईकाम करते, पोरगा जिल्हा परिषदेच्या शाळेत नववीला आहे. तीन वर्षं झाली मी शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय की समितीत ७५ टक्के आईबाप पाहिजेत आणि निम्म्या बाया पाहिजेत, म्हणून माझ्यासारखीला तिथं जागा मिळाली, नाहीतर शाळेच्या मिटिंगला आम्हाला कोण बोलावतंय. पहिल्या वर्षी नुसत्या सह्या केल्या. नंतर विचारायला लागले.

ह्या तीन वर्षांत 'विद्यार्थ्यांचं समाजकार्य' आणि 'लोकसहभाग' हे दोन शब्द एवढ्या वेळा ऐकले, आणि मला त्यावर एकच म्हणायचंय. लेकरांना सेवेचं काम द्यायचं तर एका दिवसाचं देऊ नका, हंगामभराचं द्या, आणि त्यात गावानं पण आपलं काहीतरी घालावं, नुसतं लेकरांकडून करून घेऊ नये.

मी असं का म्हणते ते सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्या लेकरांना एका स्वच्छतेच्या कार्यक्रमाला नेलं होतं, कुणी नेलं ते नाव मी लिहीत नाही. सकाळी आठला उभी केली, पाहुणे साडेअकराला आले, रस्ता आदल्या दिवशीच झाडून ठेवलेला होता, नवे खराटे हातात दिले, फोटो काढले आणि खराटे परत मोजून घेतले. सहावीतली एक पोरगी उन्हानं चक्कर येऊन खाली बसली. घरी आल्यावर माझ्या पोरानं विचारलं, आई आम्ही नेमकं काय केलं आज? मला त्याला उत्तर देता आलं नाही आणि तो प्रश्न अजून माझ्या डोक्यातनं गेलेला नाही.

आता मागच्या वर्षी आमच्या शाळेत काय झालं ते लिहिते.

दिवाळी झाली की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली माणसं टोळ्या करून निघतात, कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात, ते साखर कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत तिकडंच. मजुरीच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता. मागं राहतात म्हातारी माणसं आणि ज्यांना आजीजवळ ठेवलंय ती लेकरं. शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे ती ह्याच लेकरांसाठी. नाव वसतिगृह असलं तरी आमच्या गावात त्याला वेगळी इमारत बिमारत नाही, दोन वेळचं जेवण शाळेत आणि झोपायला आजीकडं. योजना चांगलीच आहे, तिच्यामुळं लेकरं फडावर जायची थांबली, पण जेवण झालं की संध्याकाळी ह्या लेकरांचं काय? आजीला दिसत नाही, वाचता येत नाही, ती अभ्यास काय घेणार.

मी स्वतः तिसरीत असताना आईबापाबरोबर फडावर गेलेली आहे. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत राहायचं, धाकट्या भावाला सांभाळायचं, उसाच्या शेंड्याचे वाढे गोळा करायचे. परत आले तेव्हा वर्ग भागाकारापर्यंत गेलेला आणि मी हातच्याच्या वजाबाकीवरच अडकलेली. सातवीत शाळा सुटली ती त्या वर्षामुळंच असं मला अजून वाटतं. त्यामुळं समितीच्या मिटिंगमधे मी जरा जोरातच बोलले असेन.

त्या मिटिंगला आमच्या बाईंनी नववीच्या दोन पोरांना पण बसवलं होतं, हे मला फार आवडलं, कारण पोरांचं काम पोरांना विचारूनच ठरलं पाहिजे. त्यातलाच एक जण म्हणाला की आम्ही घेतो ना संध्याकाळी अभ्यास, एकेकानं दोघं-दोघं घेऊ. एवढंच. कुठलं पत्रक नाही का आदेश नाही. पहिल्या आठवड्यात अकरा जण आले, लहान लेकरं बावीस होती, बरोबर जोड्या बसल्या. दहावीच्यांना आम्हीच नको म्हणालो, त्यांचं बोर्डाचं वर्ष.

सुरवातीला वेळ सहा ते साडेसात ठेवली आणि लगेच अडचण आली, चार पोरींना घरनं पाठवेनात, थंडीत सहालाच अंधार पडतो आणि पाठवणार तरी कसं, त्यांची चूक नाही. मग वेळ पाचवर आणली आणि गावातले एक रिटायर एसटी ड्रायव्हर आजोबा आहेत ते रोज साडेसहाला बॅटरी घेऊन शाळेच्या गेटवर यायला लागले, पोरींना आणि लहान लेकरांना घरोघर सोडायचे, पाच महिन्यांत हाताच्या बोटावर मोजता येतील एवढेच खाडे. मला कुणी विचारलं की लोकसहभाग म्हणजे काय तर मी ह्या आजोबांची बॅटरी दाखवीन.

एक वही केली. मोठ्या पोरानं रोज एक ओळ लिहायची, आज काय वाचलं, कुठं अडलं. वही सोमवारी बाई बघायच्या. त्या वहीमुळंच एक गोष्ट कळली जी आम्हा कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. बंजारा तांड्यावरची पहिली-दुसरीतली लेकरं गप्प बसतात, त्यांना येत नाही असं सगळे समजत होते. नववीतली एक पोरगी तांड्यावरचीच आहे, तिनं वहीत लिहिलं की त्यांना येतं पण घरी त्यांची गोरमाटी बोली बोलतात, आईला याडी म्हणतात, पुस्तकातले शब्द त्यांना परके वाटतात. तिनं आधी गोरमाटीत सांगायचं आणि मग मराठीत वाचून घ्यायचं असं सुरू केलं, आणि महिनाभरात ती लेकरं बोलायला लागली. मोठ्या माणसांना जे वर्षानुवर्षं दिसलं नाही ते ह्या पोरीला आठ दिवसांत दिसलं, कारण ती त्यातनंच आलेली होती. तिला आता डीएड करायचंय म्हणते.

आईबापांना कसं कळवायचं हा पण प्रश्न होता. व्हिडिओ कॉल करून बघितला पण जमेना, तिकडं माणसं अंधारात उठतात आणि गाडी भरायची असली की रात्री किती वाजतील सांगता येत नाही, कोपीवर लाईट नाही, मोबाईल चार्जिंगला दुकानात द्यावा लागतो. मग पोरांनीच डोकं चालवलं, दर रविवारी लहान लेकराचं चार ओळींचं वाचन रेकॉर्ड करून व्हॉट्सअॅपवर व्हॉईस मेसेज पाठवायचा, आईबाप जेव्हा मोबाईल चालू करतील तेव्हा ऐकतील. किराणा दुकानदारानं एका मोबाईलचं रिचार्ज पाच महिने स्वतः केलं. एप्रिलमधे लोक परत आले तेव्हा एक बाई मला म्हणाली, ताई मी मोळ्या बांधता बांधता तेच तेच लावून ऐकायचे, पोरगी अडखळायची ते कमी होत गेलेलं मला तिकडं बसून कळत होतं.

आणखी एक झालं जे कुणी ठरवलं नव्हतं. नातवंडांना घ्यायला आलेल्या आज्या लवकर येऊन व्हरांड्यात बसायला लागल्या. बसल्या बसल्या पोरांनी त्यांच्या पुढं पाटी ठेवली. उल्लास म्हणून नवभारत साक्षरतेचा कार्यक्रम आहेच, पंधरा वर्षांपुढच्या निरक्षर माणसांसाठी, त्यात स्वयंसेवकानंच शिकवायचं असतं आणि शेवटी १५० मार्कांची परीक्षा असते, वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०. मार्चमधे आमच्या पाच आज्या त्या परीक्षेला बसल्या. त्यातल्या एकीला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये येतात, तिनं पहिल्यांदा पासबुकातला आकडा स्वतः वाचला. इथं एक सांगते, पोरांना आम्ही आधीच बजावलं होतं की आजीचा ओटीपी विचारायचा नाही, पासबुक घरी न्यायचं नाही, पैशाच्या कामात हात घालायचा नाही. चांगल्या मनानं केलेल्या कामातनं पण लेकरू अडचणीत येऊ शकतं, ते बघायची जबाबदारी आपली मोठ्यांची.

जानेवारीत वसतिगृहाचे पैसे यायला उशीर झाला होता, तेव्हा बायांनी घरटी दोन-दोन शेर ज्वारी जमवली आणि जेवण बंद पडू दिलं नाही. आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई महिन्यातनं एकदा संध्याकाळी येऊन लेकरांकडं बघून जायच्या, कुणाला खोकला, कुणाची नखं वाढलेली. ग्रामपंचायतीनं एक सोलरचा दिवा दिला. हे सगळं छोटं छोटंच आहे, पण ते रोज होत होतं.

आता ह्याच्या शेजारी झाडांचं ठेवून बघा. दरवर्षी जुलैत पोरांच्या हातानं झाडं लावून घेतात, कितीतरी वेळा मागच्या वर्षीच्याच खड्ड्यात. आपण लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेली माणसं, आपल्याला कुणी सांगावं का की झाड जगतं ते जुलैमुळं नाही, मे महिन्यात त्याला कोण पाणी घालतं त्यामुळं? आणि मे मधे तर शाळा बंद असते. आमच्या शाळेत मागच्या तीन वर्षांतली जी सहा झाडं जगली ती सगळी कुंपणाच्या एका बाजूची आहेत, कारण त्या बाजूला बोअरवाला शेतकरी आहे आणि त्याची पोरगी आठवीला आहे, ती सुट्टीत पाईप लावायची. ह्या वर्षी आम्ही तेवढीच झाडं लावली जेवढ्यांना उन्हाळ्याचा माणूस ठरला. नऊ. कडुनिंब आणि करंज. फोटोत नऊ झाडं कमी दिसतात असं एकजण म्हणाला, म्हणू द्या.

माझा भाचा कॉलेजात एनएसएसला, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत आहे. ती योजना २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, आणि तिच्यात वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर असं ठरलेलं आहे. मी हिशोब केला, आमची नववीची पोरं आठवड्यात पाच दिवस, दीड तास, साधारण वीस आठवडे, म्हणजे दीडशे तास होतात. त्यांची कुठं नोंद नाही. मला सर्टिफिकेटचा सोस नाही, उलट सर्टिफिकेट आलं की जे मनापासून येत नाहीत ते पण येतील अशी भीती वाटते, पण निदान शाळेच्या प्रगतीपत्रकात बाईंनी दोन ओळी लिहाव्यात की ह्या पोरानं अमक्या लेकराला वाचायला शिकवलं. नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितलेत, सुतार, कुंभार, माळी ह्यांच्याजवळ बसून शिकायचं म्हणून. ते दहा दिवस सहलीत घालवण्यापेक्षा गावातल्या दूध डेअरीवर, पोस्टात, अंगणवाडीत नेमून दिले तर तिथली माणसं आणि पोरं एकमेकांना ओळखायला लागतील.

परवा १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला भाषण ऐकलं, निजामाविरुद्धच्या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवायचे, मग अंबाजोगाईला आले, १९३८ ला औरंगाबादच्या विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हटलं म्हणून त्या विद्यार्थ्यांना कॉलेजातनं काढलं. ऐकताना अंगावर काटा येतो. त्या शाळा गावापासून तुटलेल्या नव्हत्या, तिथली पोरं लोकांच्या कामात होती म्हणून तर निजामाच्या सरकारला त्यांची भीती वाटली. आज त्याच मराठवाड्यात पोरांना पाहुण्यांच्या स्वागताला रांगेत उभं करायचं हे मला पटत नाही.

शाळांना, समित्यांना माझी विनंती एवढीच आहे की पोरांना कुठंही पाठवायच्या आधी तो विषय समितीच्या मिटिंगमधे आणा, पोरांना तिथं बसवा, आणि ज्याच्या कामाला पोरं जाणार त्यानं काय द्यायचं ते पण तिथंच ठरवा. संडास साफ करणं, कुणाच्या कार्यक्रमात पाणी वाटणं ह्याला सेवा म्हणू नका. ज्याला नाही यायचं त्याला मार्कात मारू नका, त्याच्या घरी म्हैस असेल, धाकटी बहीण असेल.

ह्या वर्षी आमच्या यादीत सत्तावीस लहान लेकरं आहेत आणि मोठी पोरं नऊच झालीत, कारण मागच्या वर्षीचे दहावीला गेले. शिवाय दुसरा तांडा अडीच किलोमीटर लांब आहे, तिथली सहा लेकरं संध्याकाळी शाळेत येऊ शकत नाहीत आणि तिकडं जायला आमच्या पोरींना पाठवता येत नाही. कुठल्या गावानं हे जमवलं असेल तर त्यांनी तुमच्या पेपरात लिहावं, मी वाट बघतेय. टोळ्या भाऊबीज झाली की निघतील, त्याच्या आधी आम्हाला काहीतरी ठरवावं लागेल.

आपली,
एक पालक, जि. बीड